कसं झालंय?

जगातले अवघड प्रश्न कोणते, असं मला कोणी विचारलं, तर आत्मा अमर आहे की नाही, जग कोणी निर्माण केलं, वगैरे प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर टाकीन. पहिला नंबर एकाच प्रश्नाचा. 'कसं झालंय?' आत्म्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला उभा जन्म मिळतो. या प्रश्नाला मिळतो तो एक घास गिळण्याइतका वेळ. शिवाय विचारणारी व्यक्ती हातात डाव घेऊन समोर उभी असते.

हा प्रश्न मी आमच्या घरात गेली कित्येक वर्षं विचारत आले आहे. नव्या पदार्थांचा मला भारी सोस. मासिकात पाककृती दिसली की माझे हात शिवशिवतात. कात्रणांची माझी फाइल विम्याच्या कागदांपेक्षा जाड आहे. पुष्कळदा कात्रणाच्या पाठीमागे ह्यांचं अर्धवट सुटलेलं शब्दकोडं निघतं आणि मग पदार्थ होण्याआधीच घरात फोडणी बसते.

लग्नात मला कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहेरात आलं होतं. १९७० साली निघालेलं हे पुस्तक. मापं सगळी घरातल्या वाटी-चमच्यांची, त्यामुळे नवख्या मुलीनेही चुकू नये अशी सोय. पण लिहिलंय तस्संच करायचं म्हणजे मला बँकेचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. म्हणून मी प्रत्येक कृतीत पदरचं थोडं घालते. पुढे जे काही झालं त्यात कमलाबाईंचा तिळमात्र दोष नाही, हे इथेच नमूद करून ठेवते.

तर असे मी बिटाचे गुलाबजाम केले, पालकाची पुरणपोळी केली. एकदा कुकरच्या तळाशी वाळू पसरून, शिटी काढून, नाचणीचा केक केला. तो सुरीला दाद देईना, तेव्हा हे काही न बोलता उठले आणि अडकित्ता घेऊन आले. पण तोंडाने काय म्हणाले? "छान झालाय."

आमच्या ह्यांच्या 'छान'चे प्रकार ओळखायला मला दहा वर्षं लागली. नुसतं 'छान' म्हणजे पदार्थ पोटात जाऊ शकतो. 'वेगळं लागतंय' म्हणजे जाऊ शकत नाही. 'तू नाही घेतलंस?' म्हणजे तूही भोग. आणि 'पुढच्या वेळी थोडं कमीच कर' याचा अर्थ पुढची वेळ येऊ नये. माणूस सज्जन. पण त्यांच्या सज्जनपणामुळे पालकाची पुरणपोळी आमच्याकडे तीन वेळा झाली.

सासूबाईंचं तसं नव्हतं. त्यांना 'कसं झालंय?' विचारलं की त्या खरोखरच घास चावायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि निकाल सांगायच्या. "गूळ कमी आणि कष्ट जास्त." "डाळ शिजलीय, तू शिजवली नाहीस." बिटाच्या गुलाबजामांबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "बिटाचं वाईट वाटलं." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. आईला पत्रात लिहायची, की या बाईंच्या जिभेला हाड नाही. आता वाटतं, हाड नसेल, पण त्या जिभेला चव होती. पुढच्या गोष्टीचं सगळं मर्म तिथेच आहे.

मध्यंतरी मला सौंदर्याचं वेड लागलं. डाळीचं पीठ, मुलतानी माती, साय-हळद, सगळं झालं. मग कुठेसं वाचलं, की लिंबाचा रस नि मध चेहऱ्याला लावला की कांती उजळते. दिवस उन्हाळ्याचे. म्हटलं, एका कामात दोन कामं. चेहऱ्याला लिंबू फासून मी गच्चीवर कुरडया घालायला गेले. दुसऱ्या दिवशी गाल चुरचुरू लागले, तिसऱ्या दिवशी तांबूस पट्टे उमटले. मी ह्यांना विचारलं. "छान. तुकतुकी आलीय." शेजारणीला विचारलं. "चेहरा कसा भरल्यासारखा दिसतोय हो!" या दोन दाखल्यांवर मी आणखी तीन दिवस लिंबू लावलं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला खिडकीपाशी ओढत नेलं, हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हे तोंड आहे की भाजलेलं वांगं? बंद कर तो चावटपणा आणि डॉक्टरकडे जा."

गेले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपली कातडी किंचित आम्ल असते, पण लिंबू तिच्या कितीतरी पट आंबट. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत काही द्रव्यं अशी असतात, की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. कळायला एक-दोन दिवस जातात, त्यामुळे माणूस लिंबावर संशयच घेत नाही. डाग जायला मला पाच-सहा महिने लागले. तेवढे महिने मी 'छान' या शब्दावर विचार करत होते.

नवी वस्तू आधी कोणावर तरी करून बघायची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत १९४४ साली ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाने सशांच्या डोळ्यांत नि कातडीवर द्रव्यं घालून पाहण्याची पद्धत ठरवून दिली आणि पुढे कित्येक वर्षं बायकांच्या सौंदर्यापायी सशांचे डोळे लाल झाले. आपल्याकडे २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर असे प्रयोग करायला कायद्याने बंदी आली. ससे सुटले. घरातल्या माणसांविषयी मात्र कायदा गप्प आहे. त्यातल्या त्यात केसांच्या कलपाच्या डबीवर लिहिलेलं असतं, की आधी थोडासा कानामागे किंवा कोपराच्या आत लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहा. बिटाच्या गुलाबजामांवर असं काही लिहिलेलं नसतं.

पण माझा प्रश्न सशांचा नाही, शेजारणीचा आहे. ती काही दुष्ट नव्हे. हेही नव्हेत. माझं मन मोडू नये एवढाच दोघांचा हेतू. मग चूक कोणाची?

थोरांनी यावर काय म्हटलंय ते मी पाहिलं. जर्मनीतल्या कान्ट नावाच्या तत्त्वज्ञाने १७९७ साली लिहून ठेवलं आहे, की दाराशी मारेकरी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी खोटं बोलू नये. वाचून छाती दडपली. मग कळलं की कान्ट आजन्म अविवाहित होता. मारेकऱ्याशी खरं बोलणं एक वेळ सोपं. नाचणीच्या केकचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही.

आपल्याकडे धर्मराजाचं उदाहरण आहे. त्याने एकदाच 'नरो वा कुंजरो वा' केलं आणि जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. त्या हिशेबाने ह्यांचा रथ एव्हाना पाताळात असायला हवा.

आणि मनुस्मृतीतला तो श्लोक तर सगळ्यांनाच पाठ. खरं बोलावं, गोड बोलावं, पण कडू लागेल असं खरं बोलू नये. लग्नसमारंभात पंगतीला बसलेला प्रत्येक जण याच श्लोकाच्या आधाराने जेवतो. पण गंमत अशी, की श्लोक तिथे संपत नाही. पुढचा चरण म्हणतो की गोड लागतं म्हणून खोटंही बोलू नये. हा चरण आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. दोन्ही चरण पाळायचे तर तोंडात घास धरून गप्प बसणं एवढंच उरतं आणि माझ्या अनुभवाने सांगते, गप्प बसलेल्या नवऱ्याचा अर्थ सर्वांत वाईट लावला जातो.

माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं ते पुस्तकात नव्हे, आमटीत.

सासूबाईंची चिंचगुळाची आमटी म्हणजे नात्यागोत्यात नाव. पंचाहत्तरी उलटल्यावरही आमटी त्याच करायच्या. एके दिवशी पहिल्याच भुरक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ दुप्पट. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते खाली मान घालून जेवत होते. हे भात वाढून घेत होते, म्हणजे खारटपणा पातळ करत होते. सासूबाईंनी विचारलं, "कसं झालंय?" आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, "छान."

दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंतरही तेच. आमच्यात न बोलता ठराव झाला होता. म्हाताऱ्या माणसाला काय दुखवायचं? आयुष्यभर सगळ्यांना रांधून घातलं, आता चार दिवस खारट खाऊ. मी तर मनातून स्वतःवर खूश होते. ज्या बाईने माझ्या एकाही पदार्थाला धड म्हटलं नाही, तिच्याशी मी किती मोठ्या मनाने वागते आहे! खरं सांगायचं तर माझ्या त्या 'छान'मध्ये थोडा सूडही होता. आता तुम्ही हरलात, एवढं मी त्यात मुरवून ठेवलं होतं.

दोन महिन्यांनी सासऱ्यांचं ब्लडप्रेशर वर गेलं. गोळ्या चालू असूनही. डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक लहान चमचा. आमच्या आमटीच्या एका वाटीत किती जात होतं ते मी मनात मोजत राहिले. सासरे प्रामाणिक. ते डॉक्टरांपुढे बोलून गेले, "हल्ली आमटी जरा खारट असते, पण तिला सांगवत नाही." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

घरी येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. रात्री मी ओटा पुसत होते, तेव्हा आत आल्या. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला मेलीला वर्षभर मीठ कळत नाहीये. म्हणून तर रोज विचारत होते. मी काय कौतुक मागत होते? मी मीठ विचारत होते."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मी तुला इतकी वर्षं वाईट वाटू दिलंच की नाही? तुला सांगितलं, कारण तू शिकशील असं वाटत होतं. मला कोणी सांगेना, तेव्हाच मी समजायला हवं होतं, की तुम्ही मला मोडीत काढलंय."

चव वयाप्रमाणे मंदावते, वासही कमी येतो, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. जिभेवरच्या चवीच्या पेशी दर दहाएक दिवसांनी नव्या होत असतात, म्हातारपणी तो कारभार ढिला पडतो. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाजायचं ते आम्ही. समोरचा माणूस खरोखर विचारतोय की नुसती पाठ थोपटून घेतोय, हे ओळखण्याची तसदी आम्ही कोणी घेतलीच नव्हती. 'छान' म्हणायला कष्ट पडत नाहीत. त्या कष्टांच्या बचतीलाच आम्ही दया म्हणत होतो.

तेव्हापासून आमटी त्यांची आणि मीठ माझं, अशी वाटणी झाली. त्या डाव पुढे करायच्या, मी चाखायची. "अर्धा चमचा." "नक्की?" "नक्की." इतक्या वर्षांत आम्हा दोघींचं इतकं सरळ संभाषण झालं नव्हतं.

एकदा मी त्यांना छेडलं. म्हटलं, "पण आई, तुम्हीही एकदा खोटं बोलला होतात. लग्नानंतर माझे वडील पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा माझ्या पुरणपोळ्या फाटल्या होत्या. तुम्ही त्यांना म्हणालात, तुमच्या लेकीच्या हाताला चव आहे."

"म्हणाले ना. आणि त्याच रात्री तुला काय सांगितलं?"

"पुरण सैल झालं होतं."

"झालं तर मग. चार लोकांत बोलावं थोडं गोड. पण ते त्याच रात्री निपटावं. खोटं शिळं होऊ देऊ नये, बाधतं."

कान्टला हे सुचलं नाही, कारण त्याला सासू नव्हती. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. ज्याला अजून उपाय आहे, तिथे खरं सांगावं, मीठ असो की लिंबू. शेजारीण केस अगदी कानापर्यंत कापून आली आणि तिने विचारलं, तर 'मान मोकळी वाटत असेल नाही?' म्हणावं. कापलेले केस परत चिकटवता येत नाहीत. पण तिने कात्री उचलण्याआधी विचारलं, तर मात्र गप्प बसणं हा गुन्हा.

सासूबाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यामागे घरात माझ्या प्रयोगांना सगळे 'छान' म्हणू लागले, तेव्हा आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटू लागली. परवा मी नव्या रीतीने दुधीचं थालीपीठ केलं. ह्यांना विचारलं. "वेगळं लागतंय." मुलाने फोनमधून मान वर न करता 'मस्त' म्हटलं. नवी सून तेवढी घास चावत होती. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आई, मीठ जास्त झालंय. आणि दुधीचं पाणी पिळलं नाहीत का?"

पहिल्या क्षणी वाटलं, काय ही जीभ! भांडी आपटायला म्हणून मी आत गेले. कढई उचललीही. मग खाली ठेवली आणि तिला आत हाक मारली. डब्यात उरलेलं पीठ तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, "ये. आता काय करायचं, सांग."