देवाच्या पायाखालचा नीलमणी



सोयाबीन विकून हाती चार पैसे आले की किन्हीराजा परिसरात एक सल्ला हमखास कानी येतो. कोणाचे पीक बुडालेले असते, कोणाच्या मुलीचे लग्न जुळत नसते, कोणाचे दुखणे हटत नसते. मग शेजारचा कोणी म्हणतो, 'साडेसाती आहे, बोटात नीलम घाला.' सल्ला आपुलकीनेच दिलेला असतो, त्याची टिंगल आपण करू नये. पण मिस्साला न चुकता येणाऱ्या आपल्या घरांतही असा खडा शनिवारी बोटात चढतो, आणि त्यासाठी कधी उसनवारीही होते. म्हणून हा खडा आहे तरी काय, ते आज पाहू या.

नीलम म्हणजे कुरुंद. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. गावोगाव फिरून विळे-कात्र्यांना धार लावणाऱ्याचे चाक आपण पाहतो. तेही बहुधा याच द्रव्याचे असते, फक्त कारखान्यात बनवलेले. कठीणपणात हिऱ्याखालोखाल याचाच क्रम लागतो. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. त्यात लोह आणि टायटॅनियम यांचा किंचित अंश मिसळला की तो निळा होतो. क्रोमियम मिसळले की तांबडा होतो आणि आपण त्याला माणिक म्हणतो. पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली, जिथे ॲल्युमिनियम भरपूर आणि सिलिका कमी, अशा ठिकाणी तो घडतो. आपल्या पायाखाली आहे तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. विहीर खणताना त्यातून गारगोटी निघते, अकीक निघतो. नीलम निघत नाही. विदर्भात भंडारा जिल्ह्यात कुरुंद आहे, पण तो कारखान्यांच्या कामाचा.

काश्मीरच्या पाडर भागात 1881 च्या सुमारास दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. जागा समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या आसपास, वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने बर्फ नसते. तिथला उत्तम माल काही वर्षांतच संपला, आणि काश्मिरी नीलमाचे नाव तेवढे मागे राहिले. श्रीलंकेत रत्नपुराजवळ मजूर भातशेतीच्या चिखलात खड्डे खणतात, लाकडांचे टेकू देऊन आत उतरतात, साचलेले पाणी उपसत राहतात, आणि खालच्या थरातली खडी वर आणून टोपलीत गोल गोल फिरवून धुतात. बहुतेक टोपल्यांत काहीच नसते. बोटातल्या चकाकीमागे अशा माणसांचे ओले कपडे आणि रिकामे दिवस आहेत, हे आपण शेतकऱ्यांनी तरी विसरू नये. सराफाच्या काचेआडून ते दिसत नाहीत.

खाणीतून निघालेला खडा बहुधा तसाच विकला जात नाही. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधाळ खडे मिळत. एके काळी त्यांना किंमत नव्हती. 1970 च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते भट्टीत सुमारे 1,600 अंशांच्या वर तापवले, आणि आतले धुरकट धागे विरघळून खडे निळेशार झाले. निळाईचे द्रव्य आतच होते, भट्टीने ते मोकळे केले. दुसरा एक प्रकार आहे. फिक्या खड्याला बाहेरून टायटॅनियम लावून तापवतात. रंग फक्त वरच्या पातळ थरात शिरतो, आणि खडा पुन्हा घासला तर निघून जातो. काही खड्यांच्या भेगांत रंगीत काच भरतात. आणि 1902 मध्ये फ्रान्सच्या व्हर्नोय यांनी ज्वालेत माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यावर काही वर्षांत निळा खडाही कारखान्यात बनू लागला. द्रव्य तेच, किंमत नगण्य. शनीला या चौघांतला फरक कळतो का, असे विचारावेसे वाटते.

पवित्र शास्त्रात नीलमणी अनेकदा येतो. (त्या काळी या नावाने ओळखला जाणारा दगड बहुधा अफगाणिस्तानचा निळा लाजवर्द असावा, असे अभ्यासक मानतात.) निर्गमाच्या 24 व्या अध्यायात मोशे आणि सत्तर वडीलधारे पर्वतावर चढतात, तेव्हा त्यांना इस्राएलच्या देवाच्या पायाखाली नीलमण्यांची फरसबंदी दिसते. ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, तो दगड देवाच्या पायाखाली आहे! पुढे 28 व्या अध्यायात तोच दगड अहरोनाच्या ऊरपटावर येतो, पण तिथे त्याचे काम संकट टाळणे नाही. बारा दगडांवर बारा वंशांची नावे कोरलेली असतात. याजकाने लोकांना हृदयावर वाहून देवासमोर उभे राहावे म्हणून ते दगड आहेत. आणि शनी? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सारे तारे देवाने निर्माण केले. निर्माण केलेल्या वस्तूची भीती बाळगायची, आणि दुसरी निर्माण केलेली वस्तू बोटात घालून ती घालवायची, हा हिशोब जुळत नाही.

संत ऑगस्टीन तरुणपणी ज्योतिष्यांच्या नादी लागले होते. 'कन्फेशन्स'मध्ये ते फर्मिनस नावाच्या मित्राची गोष्ट सांगतात. हा सधन घरचा मुलगा आणि एका दासीचा मुलगा, दोघे एकाच क्षणी जन्मले. ग्रह तेच, घटका तीच. एक मानमरातबात वाढला, दुसरा गुलाम राहिला. ऑगस्टीन यांना उत्तर मिळाले. ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही (क्रमांक 2116 आणि 2117) कुंडली पाहणे आणि ताईत बांधणे स्पष्टपणे नाकारते.

मात्र बोट फक्त शेजाऱ्याकडे दाखवायला नको. गळ्यातले मेडल आपण कशासाठी घालतो? परीक्षेला जाताना चाचपायचे आणि रविवारी मिस्सा चुकवायची, तर ते मेडलही नीलमच झाले, तेही स्वस्तातले. क्रूस आपल्याला संकटातून सोडवतो तो त्याच्या धातूमुळे नव्हे, ज्याने त्यावर प्राण दिला त्याच्यामुळे. आणि त्या प्रभूने पीक बुडणार नाही असे वचन दिलेले नाही. बुडाल्यावर तो सोबत असतो, हे मात्र दिले आहे. हे ऐकायला कमी वाटते, आम्हांलाही कधी कधी वाटते.

ज्यांच्या घरी असा खडा आहे त्यांनी तो घाईने नदीत टाकू नये. खात्रीच्या ठिकाणी तपासून घ्यावा, मोल येत असेल तर विकावा आणि आधी सोसायटीचा हप्ता भरावा. ज्यांना बोट रिकामे ठेवायची भीती वाटते त्यांनी एकट्याने झुरू नये. शनिवार आपल्या परंपरेत पवित्र मारियेचा वार आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी कोणा एकाच्या घरी जपमाळेला जमू या, आणि ज्याच्या शेतात यंदा काही उरले नाही त्याच्याच घरी जमू या. येताना पायलीभर तूर किंवा ज्वारी आणावी.