कित्त्याची विद्या

संगणकाच्या जाळ्यावर चालणाऱ्या व्यवहाराला दोन अंगें असतात. एक डोळ्यांना दिसणारें. दुसरें दूर कोठेंतरी सर्व्हरवर चालणारें, जेथें हिशेब राहतो, माणसाची ओळख पटविली जाते आणि कोणास काय दाखवावयाचें हें ठरतें. या दुसऱ्या अंगास 'बॅक-एन्ड' म्हणतात. जुन्नर तालुक्यांत खोडद येथें रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या पाहावयास लोक हौसेनें जातात; परंतु त्या ३० तबकड्यांनीं टिपलेले संकेत एका जागीं आणून त्यांचा मेळ घालणारी यंत्रणा पाहण्याची इच्छा क्वचितच कोणास होते. तसेंच हें आहे.

ही विद्या शिकण्यासाठीं आतां पुण्यास खोली घेऊन राहण्याचें कारण उरलेलें नाहीं. घोडेगांवचा किंवा ओतूरचा मुलगा घरच्या ओसरीवर बसून, परदेशच्या अध्यापकाचें व्याख्यान ऐकत, त्याच्याबरोबर ओळीमागून ओळ लिहीत एखादें दुकान किंवा ग्रंथालय पडद्यावर उभें करूं शकतो. प्रकल्प करीत शिकण्याची ही रीत इष्ट आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. प्रश्न निराळा आहे. अध्यापकाची ओळ जशीच्या तशी उतरून जें उभें राहिलें, त्यावर त्या मुलानें आपलें नांव घालावें काय?

उतरविलें तें उतरविलेंच, असें कोणी म्हणेल. इतक्या घाईचा निकाल आम्हांस पटत नाहीं. आपण सारेच कित्ता गिरवून अक्षर शिकलों. गवयाचा शिष्य वर्षानुवर्षें गुरूचीच तान उचलतो. जुन्नरभोंवतालचीं लेणीं खोदणारांनींही आपल्या काळच्या लाकडी इमारतींची नक्कल दगडांत केली; ज्या कठड्यांची खडकास कांहीं गरज नव्हती, तेही त्यांनीं निष्ठेनें कोरले. त्यांस चोर म्हणावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं.

पण त्याच जुन्नरास मानमोडीच्या डोंगरांत एक चैत्यगृह आहे. दर्शनी कमानींत कमळाच्या पाकळ्या व गजलक्ष्मी मोठ्या नजाकतीनें कोरलेली आहेत. आंत पाऊल टाकावें तों काम अपुरें सोडलेलें. खडकांत मऊ थर लागला आणि कारागिरांचा इलाज चालला नाहीं. तेथें निदान अपुरेपणा उघडा आहे. उतरविलेल्या प्रकल्पांत तो झांकलेला असतो, आणि बहुधा तो करणारालाहि ठाऊक नसतो.

एक उदाहरण कल्पूं. नारायणगांवच्या टोमॅटोच्या बाजारासाठीं एका विद्यार्थ्यानें नोंदवही तयार केली: कोणी किती क्रेट आणले, काय भाव लागला, कोणाच्या खात्यांत किती रक्कम पडली. घरीं एकटा बसून चालविली तेव्हां ती बिनचूक चालली. बाजारांत मात्र दोन कारकून एकाच क्षणीं कळ दाबतात. व्यापाऱ्याच्या खात्यांतून रक्कम वजा झाली आणि शेतकऱ्याच्या नांवें जमा होण्यापूर्वीं वीज गेली, तर मधल्यामध्यें ती रक्कम कोणाची? यावर उपाय जुना आहे. डेटाबेसांत दोन्ही नोंदी एका 'ट्रँझॅक्शन'मध्यें बांधल्या, कीं दोन्ही होतील किंवा एकही होणार नाहीं. अध्यापकानें तो शब्द लिहिलेला असतो, विद्यार्थ्यानें तो उतरलेलाहि असतो. पण तो कां आला हें विचारलें नसल्यामुळें पुढच्या, स्वतः लिहिलेल्या पानावर तो गळतो. पासवर्डाचेंहि तसेंच. तो जसाच्या तसा कधींच ठेवूं नये. त्याचें असें रूपांतर साठवावें, कीं वहीच्या मालकालाहि मूळ शब्द कळूं नये. जाणूनबुजून अज्ञानी राहण्याचें हें कर्तव्य आम्हांस तरी फार सुंदर वाटतें. तें चुकलें तर पडद्यावर कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं, आणि नुकसान भलत्याच्याच पदरीं पडतें.

म्हणून आमच्या मतें कसोटी उतरण्याची नसून दुरुस्तीची आहे. स्वतःच्या हातानें मोडून जें पुन्हां जोडतां येतें, तेवढेंच आपलें. २०१४ सालीं क्विन्सी लार्सन यांनीं काढलेल्या 'फ्रीकोडकॅम्प' या विनामूल्य विद्यालयाच्या बॅक-एन्ड अभ्यासक्रमांत प्रमाणपत्रासाठीं पांच प्रकल्प असत. लांब पत्त्यास आंखूड करणारें यंत्र हा त्यांतला एक. तेथें अमुक विचारलें असतां अमुक उत्तर यावें एवढेंच सांगितलेलें असे, वाट ज्याची त्यानें शोधावयाची. अशा अडलेल्या रात्रीं शिकवितात, तें तासन् तास व्याख्यान ऐकून येत नाहीं.

आतां राहिली नोकरीची बाब, आणि येथें आमचें मन थोडें डळमळतें. शहरांतल्या मुलास कॉलेजाचें नांव असतें, ओळखी असतात. आंबेगांवच्या मुलाजवळ दाखविण्यास हे दोन-तीन प्रकल्पच. 'हा मी शिकवणीबरोबर केला' असें त्यानें लिहावें, अशी अपेक्षा करणें म्हणजे ज्याच्याजवळ थोडें आहे त्याच्याकडूनच अधिक मागणें नव्हे काय? आहे खरें. तरीहि त्यानें तें लिहावें, असेंच आम्ही म्हणूं. कारण त्या वहींत उद्यां त्याच्याच चुलत्याचे पैसे असणार. शिवाय या धंद्याची रूढि त्याच्या विरुद्ध नाहीं. एम्.आय्.टी. परवान्याखालीं प्रसिद्ध झालेलें लिखाण कोणींहि घ्यावें, बदलावें, विकावेंहि. अट इतकीच, कीं मूळ कर्त्याच्या हक्काची ओळ व परवान्याचा मजकूर खोडूं नये. त्या ओळीखालीं आपण काय बदललें व कां, हें चार वाक्यांत मांडणाऱ्या मुलास परीक्षकानें पहिला प्रश्न त्या बदलाविषयींच विचारावा.