आधी हात थांबवावा, मग मन ऐकावे

झाशीतील आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर अवजारे मांडतात. आजोबांचा अडकित्ता, काकूंची विळी, बाबांची पक्कड, माझा कॅल्क्युलेटर आणि मधोमध मोठ्या काकांची दोन नळ्यांची बंदूक. इकडे तिला सगळे ‘दुनाली’ म्हणतात. हळद-कुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे आणि नमस्कार करायचा. त्या बंदुकीने कोणावर नेम धरल्याचे घरात कोणालाच आठवत नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्याच पाटासमोर तिच्यावरून वाद झाला.

काका त्या वर्षी निवृत्त झाले होते. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. जेवण कमी झाले होते, बोलणे त्याहून कमी. ‘आता माझा कुणाला काय उपयोग’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू यायचे. पूजा झाल्यावर दादा हळूच म्हणाला, ‘बाबा, बंदूक काही दिवस गन हाऊसमध्ये जमा करू या. आणि एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ.’

काका भडकले. ‘बंदूक काय करते रे? जे करतो ते माणूस करतो. आणि डॉक्टरच्या कागदावर नाव लागले की लायसन्स गेलेच समज. वर लोक वेडा म्हणतील ते वेगळेच.’

खरे सांगायचे तर त्यांचे पहिले वाक्य मला तेव्हा पटले होते. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. फावल्या वेळात आपले हिंदी लेख मराठीत आणण्याची सेवा करते. मन बदलले की माणूस बदलतो आणि माणूस बदलला की समाज बदलतो, हा विचार मी कितीतरी वेळा मराठीत लिहिला आहे. मग लोखंडाच्या नळीला दोष कशाला द्यायचा? इलाज मनाचाच करायला हवा, असे मला वाटत होते. आज तसे वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

परवाना म्हणजे काय

बुंदेलखंडात बंदूक ही इभ्रतीची वस्तू आहे. काही घरांना तिची खरीच गरज वाटते. आडबाजूची शेते आणि डाकूंच्या काळाच्या आठवणी अजून विसरलेल्या नाहीत. पण बऱ्याच ठिकाणी ती लग्नाच्या वरातीत मिरवण्यापुरतीच असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३.६९ लाख शस्त्र परवाने होते. त्यांपैकी १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते.

या विषयाला इतिहासही आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रे काढून घेतली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनाला त्यातून सूट दिली. त्या अपमानाची आठवण ठेवूनच काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. संविधान सभेत हा प्रश्न पुन्हा निघाला, पण तो हक्क राज्यघटनेत आला नाही. अनुच्छेद १९ ने आपल्याला शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. म्हणजे आपल्याकडे बंदूक हा जन्मसिद्ध अधिकार नाही, ती समाजाने विश्वासाने दिलेली परवानगी आहे. राणीच्या झाशीत हे वाक्य लिहिताना जरा जड जाते. पण राणीसाहेबांची तलवार प्रजेच्या रक्षणासाठी होती, वरातीसाठी नव्हती, हेही आपण विसरू नये.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नाही. पोलिसांची चौकशी होते. २०१६ च्या नियमांनुसार अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते आणि नशेची सवय नसल्याचा उल्लेखही त्यात लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. इथे ज्याला ‘हर्ष फायरिंग’ म्हणतात, त्या आनंदाच्या गोळीबारातून इतरांच्या जिवाला धोका झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणजे निर्बंध आहेत आणि मनाची तपासणीही आहे. मग अडते कुठे?

एका दिवसाचा ताळेबंद

आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात की ताळेबंद हे एका दिवसाचे चित्र असते. ३१ मार्चला तिजोरी भरलेली दिसली म्हणून ऑगस्टमध्येही ती भरलेली असेल, असे नाही. प्रमाणपत्राचेही तसेच आहे. परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो. त्या पाच वर्षांत नोकरी सुटते, कर्ज होते, जवळचे माणूस जाते. कागदावरचे मन तेच राहते, घरातले मन मात्र बदललेले असते.

दुसरी अडचण शब्दाची आहे. कायद्याच्या हिंदीत ज्याला परवाना नाकारायचा, त्याच्यासाठी ‘विकृतचित्त’ असा शब्द येतो. अनुवाद करताना मी या शब्दापाशी थांबते. झोप उडालेला, उदास झालेला माणूस विकृतचित्त असतो का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी विकृतचित्त ठरत नाही, तसे न्यायालयाने ठरवावे लागते. याच कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा अधिकार मानला आहे.

आणि मानसिक आजार असलेले लोक धोकादायक असतात, ही समजूत तर फारच अन्यायाची आहे. अमेरिकेत बंदुकीने मोठे हत्याकांड झाले की लगेच ‘दोष मनोरुग्णांचा’ असे म्हटले जाते. तिथल्याच अभ्यासकांचा अंदाज मात्र असा आहे की समाजातल्या एकूण हिंसेपैकी शेकडा चारच्या आसपास हिंसेचा संबंध गंभीर मानसिक आजाराशी जोडता येतो. बाकीची हिंसा राग, दारू, अहंकार, वैर आणि लोभ यांतून होते. म्हणजे ती तुमच्या-माझ्यासारख्या ‘शहाण्या’ माणसांच्या हातून होते.

तेव्हा निर्बंधाचा सगळा भार ‘वेड्यांवर’ टाकला की दोन चुका होतात. निरपराध माणसावर शिक्का बसतो. आणि तो शिक्का टाळण्यासाठी माणूस डॉक्टरांकडे जातच नाही. आमचे काका नेमके हेच करत होते. परवाना वाचवण्यासाठी ते दुखणे लपवत होते आणि लपवलेले दुखणे बंदुकीसोबत एकाच खोलीत राहत होते.

क्षणाचे अंतर

‘ज्याला करायचेच आहे तो काहीही करेल’ असे आपण सहज म्हणतो. अनुभव वेगळे सांगतो. २००६ मध्ये इस्रायलच्या सैन्याने एक साधा नियम केला की सुट्टीला घरी जाताना रायफल छावणीतच ठेवायची. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती, इतर दिवसांत फारसा फरक पडला नाही. श्रीलंकेने नव्वदच्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि २००५ पर्यंत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्या देशातही असे मृत्यू बंदुकीपेक्षा इतर कारणांनी कितीतरी जास्त होतात, पण तत्त्व तेच आहे. असह्य क्षण येतो आणि जातो. तो जाईपर्यंत हात आणि साधन यांच्यात अंतर राहिले, तर पुष्कळ जण वाचतात.

हे सैनिक मनाने बदलले होते का? नाही. फक्त त्या क्षणी बंदूक जवळ नव्हती. ‘माणूसच करतो’ हे काकांचे वाक्य इथे अपुरे पडते. माणूसच करतो हे खरे, पण हाताशी काय आहे यावरही तो काय करतो हे ठरते.

अर्जुनाची तलवार

यावर कोणी म्हणेल की साधकाला याची काय गरज? त्याचे मन तर ताब्यात असते. अशा वेळी कर्णपर्वातला एक प्रसंग आठवावा. युद्धाचा सतरावा दिवस आहे. कर्णाकडून घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात आहे आणि अर्जुन त्याला भेटायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच युधिष्ठिर संतापतो आणि म्हणतो की तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. असे म्हणणाऱ्याला मारण्याची अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. त्याने थोरल्या भावावर तलवार उपसली. पुढे आपण काय करून बसलो हे उमगल्यावर त्याने तीच तलवार स्वतःसाठी उपसली.

अवघ्या काही दिवसांपूर्वी ज्याने प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून गीता ऐकली, त्याची ही अवस्था. ज्ञान असूनही एखादा क्षण माणसाला गिळू शकतो, हे महाभारतकारांनी लपवले नाही.

श्रीकृष्णाने तेव्हा काय केले? त्याने आधी हात थांबवला. इथे मारण्याजोगा कोण आहे, असे विचारले. अर्जुनाला आपली प्रतिज्ञा सांगू दिली, ती ऐकून घेतली. मग धर्म समजावला आणि मानहानी न होता बाहेर पडण्याची वाट दिली. थोरल्याला ‘तू’ म्हणून बोलणे म्हणजे त्याचा वधच, आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करणे म्हणजे आत्मघातच. यात त्याने अर्जुनाला वेडा म्हटले नाही. ‘गीता ऐकलीस ना, मग आवर स्वतःला’ असे म्हणून एकटेही सोडले नाही.

निर्बंध की उपचार, या वादाचे उत्तर मला इथे मिळाले. दोन्ही हवेत आणि क्रम महत्त्वाचा. मन सावकाश सुधारते. त्याला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. तोपर्यंत हात थांबलेला असायला हवा. आणि ऐन वेळी प्रत्येक घरात श्रीकृष्ण हजर असेलच असे नाही, म्हणून हे अंतर आपण मन शांत असतानाच ठेवायचे. संयम म्हणजे वादळात केलेली कसरत नव्हे, वादळ येण्याआधी बांधून ठेवलेली नाव आहे.

आपण काय करू शकतो

ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी ते आणि काडतुसे वेगवेगळी, कुलपात ठेवावीत. घरात कोणी खचलेले असेल, दारूच्या नादी लागले असेल किंवा भाऊबंदकी पेटली असेल, तर शस्त्र काही काळ परवानाधारक गन हाऊसमध्ये जमा करावे. निवडणुकीच्या वेळी आपण ते निमूटपणे करतोच. वरातीत गोळी झाडणाऱ्याला नातेवाईकांनीच अडवावे.

आणि मनाबद्दल बोलावे. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मोफत बोलता येते. साधनेने मनाला बळ मिळते, पण साधना करणाऱ्याने डॉक्टरांकडे जाऊ नये असे कोणत्याही ऋषीने सांगितलेले नाही.

काकांचे पुढे काय झाले? त्या दिवशी दादाचा युक्तिवाद हरला, माझे मौनही कामाला आले नाही. रात्री काकू एवढेच म्हणाल्या, ‘तुम्हाला झोप येत नाही म्हणून मी जागी असते, असे तुम्हाला वाटते ना? मी त्या कपाटाकडे बघत जागी असते.’ चार दिवसांनी काका स्वतः रिक्षाने गन हाऊसमध्ये गेले आणि पावती घेऊन आले. डॉक्टरांकडे जायला आणखी दोन महिने लागले. ते पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. पण आता जेवतात, नातवाला गणित शिकवतात, आणि एखादी रात्र वाईट गेली तर सकाळी तसे सांगतात.

दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो. विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी त्या झाडावर शस्त्रे ठेवली होती. त्यांचे कारण ओळख लपवण्याचे होते, हे खरे. पण शस्त्रे दूर ठेवल्याने त्यांचे शौर्य कमी झाले नाही आणि वेळ आल्यावर ती त्यांना परतही मिळाली. गेल्या नवमीला आमच्या पाटावर अडकित्ता होता, विळी होती, पक्कड होती, कॅल्क्युलेटर होता. मधोमध काकांनी गन हाऊसची पावती ठेवली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने झेंडूचे फूल वाहिले.