एकाने निजावे, एकाने जागावे

शिडाच्या छोट्या नौकेवर दोनच माणसे असली, की किनारा सुटल्यावर दोघांना एका वेळी झोपता येत नाही. वीस नॉटच्या वेगाने येणारे मालवाहू जहाज पाच सागरी मैल पंधरा मिनिटांत कापते, आणि नऊ मीटरच्या नौकेवरून दिसणारे क्षितिज फार लांब नसते. म्हणून रात्रीचे वॉच पडतात : तीन तास तुझे, तीन तास माझे. जागणारा कमरेचा पट्टा नौकेला अडकवून बसतो, थोड्या थोड्या वेळाने उठून चहूकडे नजर फिरवतो, होकायंत्रावर दिशा बघतो, वारा चढला तर शीड आखडते घेतो. निजणारा आपला जीव त्याच्या डोळ्यांवर सोपवून निजतो. गॅलापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंतचे अंतर सुमारे ३००० सागरी मैल आहे. वारा मनासारखा मिळाला तरी तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढ्या सगळ्या रात्री असेच निजायचे असते.

बंदरोबंदरी हिंडणाऱ्या जोडप्यांबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते स्वातंत्र्याचे. ऑफिस नाही, हप्ते नाहीत, कुणाचा जाच नाही. मला हे आयुष्य वेगळ्या कारणासाठी मोलाचे वाटते. समानता आणि सहजीवन हे शब्द आपण घरात सैल हाताने वापरतो, कारण तिथे कुणाला काही येत नसले तरी दिवस ढकलता येतात. नौकेवर ते चालत नाही.

लिन आणि लॅरी पार्डी यांचे उदाहरण मला यासाठी सर्वांत जवळचे वाटते. तो कॅनडाचा, ती अमेरिकेची. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात भेटले. लाइल हेस या आरेखकाच्या आराखड्यावरून त्यांनी स्वतःच्या हातांनी 'सेराफिन' ही जेमतेम साडेसात मीटरची लाकडी नौका बांधली आणि १९६८ मध्ये पाण्यात सोडली. तिच्यावर इंजिन नव्हते. उजेडाला तेलाचे दिवे, समुद्रावरचे ठिकाण काढायला सेक्स्टंट, आणि वारा पडला तर लांब वल्हे. पुढे ती विकून ते समुद्रापासून दूर, कॅलिफोर्नियातल्या बुल कॅनियन या डोंगरदरीत राहिले. तिथे विजेची सोय नव्हती. तिथेच 'टॅलिएसिन' उभी राहिली. नऊ मीटरची, तीही बिनइंजिनाची. ती १९८३ मध्ये समुद्राला लागली. पहिल्या नौकेतून पूर्वेकडे जात आणि दुसरीतून पश्चिमेकडे जात, अशी पृथ्वीची दोन्ही वाटांनी प्रदक्षिणा त्यांनी केली. २००२ मध्ये, लॅरी साठी ओलांडलेला आणि लिन साठीकडे झुकलेली असताना, त्यांनी समोरचे वारे अंगावर घेत केप हॉर्नला वळसा घातला.

इंजिन नको, या त्यांच्या हट्टाची पुष्कळांनी हेटाळणी केली. मला त्यात शहाणपण दिसते. इंजिन गेले की डिझेलचा खर्च गेला, दुरुस्ती गेली, आणि एवढ्याशा जागेत सामानाला कोनाडा मिळाला. थोडक्या पैशांत, लवकर निघता आले. शिवाय बंदराच्या तोंडाशी कळ दाबून आत शिरण्याची सोय उरली नाही, तेव्हा भरती-ओहोटी आणि वारा दोघांनाही वाचता येणे भाग पडले. एकाला येते आणि दुसरा बसून आहे, अशी चैन त्या नौकेला परवडणारी नव्हती.

स्वयंपाकाचे काय, असे इथे कुणी विचारील, आणि ते विचारायलाच हवे. नौकेवरचा स्टोव्ह बराचसा लिनच्याच वाट्याला आला. पण जपानहून कॅनडापर्यंतच्या दीर्घ सफरीत रोज काय रांधले, याची तिने नोंद ठेवली आणि त्यातून खलाशांच्या खाण्यापिण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यामागची भूमिका मला पटते : उपाशी, गारठलेला माणूस सुकाणूवर चुका करतो, म्हणून पोटाकडे बघणे हीसुद्धा नाविकाचीच विद्या. फ्रिजशिवाय अंडी टिकवायची तर दर दोन-तीन दिवसांनी ती उलटी करून ठेवायची, ही माहिती शिडाच्या दोरखंडाच्या गाठीइतकीच कामाची आहे. घरातल्या रांधण्याला आपण ही किंमत देत नाही.

उलट चित्रही आहे, आणि तेच जास्त दिसते. स्वप्न नवऱ्याचे, नौका त्याने निवडलेली, आणि बायको सोबतीला. नांगर टाकताना तो मागून ओरडतो, ती पुढे साखळीशी झुंजते. असा माणूस रात्री पाण्यात पडला तर नौका वळवून त्याच्यापर्यंत आणणे तिला जमेल का? जमणार नसेल, तर ती दोघांची सफर म्हणता येणार नाही; तो एकट्याचाच प्रवास आहे, बरोबर एक माणूस आहे इतकेच.

या आयुष्यातला बराच काळ समुद्रावर जातही नाही, बंदरात जातो. दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून त्याआधी टोंगा-फिजीकडच्या नौका न्यूझीलंडची वाट धरतात; आपले मच्छीमार जून-जुलैत होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघतात तसेच. त्या महिन्यांत नौका बाहेर काढून खरवडायची, रंगवायची, आणि पोटापाण्याचे बघायचे. लॅरी लाकडी नौकांची, दोरखंडांची कामे करी. लिन लिहीत असे.

नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा वर चढवायचा आणि कस्टम, इमिग्रेशनचे शिक्के बसेपर्यंत नौकेवरच थांबायचे. इथे स्वातंत्र्याची किंमत पासपोर्टवर ठरते. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाला किंवा न्यूझीलंडला जायचे तर व्हिसा आधीच हातात हवा, आणि वाऱ्यावर चालणाऱ्याने पोहोचण्याची तारीख कोणत्या तोंडाने सांगावी? पार्डींकडे पैसा बेताचा होता, पण कागद भक्कम होते. ही गोष्ट त्यांच्या कौतुकात विसरू नये.

आपल्या किनाऱ्यावर दर्याची वाटणी जुनी आहे. कोळी दर्यावर जातो, कोळीण मासळी बाजारात नेऊन विकते. पैशाचा व्यवहार तिच्या हाती, सुकाणू मात्र नाही. ही वाटणी अटळ नाही, हे आता दिसले आहे. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि केप हॉर्नवरून फिरून गोव्यात परतल्या. दोघीच, म्हणजे तोच हिशेब : एक जागी, एक निजलेली. त्या निजू शकल्या, कारण दोघींनाही नौका चालवण्याचे पुरे शिक्षण मिळाले होते.

म्हणून निवृत्तीनंतर नौका घेऊन निघू, असे मनात असलेल्या जोडप्यांना माझे एकच सांगणे आहे. पैसे मोजण्याआधी भाड्याच्या नौकेवर एक दिवस काढा. तिने एकटीने नांगर उचलावा, शीड चढवावे, नौका खाडीबाहेर काढावी आणि संध्याकाळी परत आणून लावावी. तेवढा वेळ त्याने कशालाही हात लावायचा नाही, सूचनाही द्यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हेच उलट करायचे, आणि त्या दिवशी रांधायचेही त्यानेच.