भ्यालेले कुत्रे आणि आमची भूतदया

भूतदया हा शब्द कीर्तनात आमच्या कानांवरून किती वेळा गेला असेल, त्याची गणतीच नाही. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा ऐकून आमचे डोळे पाणावतात. पण तेच कुत्रे उद्या दारात येऊन उभे राहिले, तर आमचा हात वाटीकडे जातो की काठीकडे? वसई-विरारच्या आम्हां वारकऱ्यांनी हा प्रश्न स्वतःलाच विचारावा.

टाकून दिलेली, मार खाल्लेली कुत्री जेथे सांभाळतात, त्या निवाऱ्यात लोक जातात ते बहुधा शेपूट हलवीत पुढे येणारे पिल्लू निवडायला. कोपऱ्यात भिंतीला अंग चिकटवून थरथरणारे कुत्रे मागेच राहते. ते घरी आणले, तर खाटेखालून बाहेर येत नाही. माणूस समोर असेपर्यंत खात नाही. त्याला ओढून काढू नये, डोळे रोखून पाहू नये. ठरल्या वेळी अन्नपाणी ठेवावे, थोडे बाजूला गुमान बसावे, हळू बोलावे. कोणाला आठ दिवस लागतात, कोणाला सहा महिने. तोवर ते आपल्याला काहीच देत नाही. लाड नाही, राखण नाही. दयेची परीक्षा होते ती इथेच.

कोणी म्हणेल, "बुवा, भागवतातला भरत राजा विसरलात काय? राज्य सोडून तपाला गेला, हरणाच्या पाडसात गुंतला, आणि पुढचा जन्म हरणाचा आला!" शंका रास्त आहे. पण नीट पाहा. प्रवाहात वाहून चाललेले पाडस त्याने वाचविले, यात दोष कोठे? पुढे 'जीव वाचावा' याच्या जागी 'माझे हरण' येऊन बसले आणि नित्यनेम सुटला, तेथे दोष शिरला. म्हणून सोडायचे ते 'माझे'. दया सोडायची नाही. आणि भ्यालेले कुत्रे तर लवकर 'माझे' होतच नाही!

दयेला विवेकाचीही जोड हवी. रेबीजची लस वेळेवर टोचावी, नसबंदी करावी. चावा बसलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगारे-धुपारे करीत बसू नये. घरात लहान मूल असेल, तर दोघांना एकटे सोडू नये. आषाढीला आपण निघालो की मागे त्याचे कोण पाहणार, हे आधी ठरवावे. हे जमत नसेल, तर आणूच नये. आणून पुन्हा टाकणे हे न आणण्याहून वाईट.

आमच्याच सोपाऱ्यात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी यात्रा करीत, आपण धर्मयात्रा सुरू केली, असे त्या लेखात राजा सांगतो. यात्रेला निघायचे तर आधी हातातले शस्त्र खाली ठेवावे लागते, हे या मातीला दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

तेव्हा वारकरी बंधुभगिनींनो, सगळ्यांनीच कुत्रे पाळावे असा आमचा हट्ट नाही. पण माळकऱ्याचा हात उठतो तो मारायला नव्हे, एवढा भरवसा एका भ्यालेल्या जीवाला आला, तरी आमची माळ सार्थकी लागली. रामकृष्ण हरि!