आजचं चिंतन: उत्तर बरोबर आहे, पण ते आलं कसं?



आजचा प्रश्न साधा वाटेल, पण मला तो बरेच दिवस सोडत नाहीये. एखादं उत्तर बरोबर आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, पण ते कसं आलं हे माहीत नाही. असं उत्तर दुसऱ्याला द्यावं का? विशेषतः समोरचा माणूस दुःखात असेल तेव्हा?

आधी थोडं शब्दकोड्याविषयी. मराठी पेपरातली कोडी बहुतेक सरळ असतात. 'सूर्य, दोन अक्षरं' म्हटलं की आपण 'रवी' लिहितो. जगातलं पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात दिलं, तेही असंच सरळ होतं. पुढे १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये क्रिप्टिक कोडं रुजलं. त्यात बहुतेक सूचनांत उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक वाट अर्थाची, दुसरी अक्षरांची. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या, तरच कोडं सुटलं.

मला याचा नाद ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये लागला. अधूनमधून मराठीत सूचना रचून बघतो. ही एक:

दिसतं एक मळकट, पण आत लक्ष्मीचं आसन (३ अक्षरं)

उत्तर 'कमळ'. लक्ष्मीचं आसन कमळ, ही अर्थाची वाट. ती सगळ्यांना सापडते. आता 'एक मळकट' हे शब्द सलग वाचा: ए, क, म, ळ, क, ट. मधली तीन अक्षरं उचला. क, म, ळ. 'आत' हा शब्द तेच सांगत होता. मळकट दिसणाऱ्या शब्दांच्या पोटात कमळ बसलेलं होतं.

यात गंमत अशी की पहिल्या वाटेनेच 'कमळ' लिहून पुढे जाता येतं. चौकट भरते, उत्तर बरोबर असतं, कुणी चूक काढणार नाही. पण 'एक मळकट' तिथे का आहे हे अजून कळलेलं नसतं. मुरलेले कोडं सोडवणारे अशा वेळी थांबतात. म्हणतात, उत्तर मिळालं, पण उलगडा बाकी आहे. उत्तर आणि उलगडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं.

आता आपल्या खान्देशात येऊ. जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद. शके १२१९ मध्ये, म्हणजे इ.स. १२९७ ला, इथेच तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाल्या, अशी परंपरा आहे. आषाढीला त्यांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. या मुक्ताईंच्या नावावर एक कूट अभंग आहे, तुम्हीही ऐकला असेल. त्यात मुंगी आकाशात झेपावते आणि थेट सूर्याला गिळते. वांझेला मुलगा होतो. विंचू पाताळात जातो, तर खुद्द शेष त्याच्या पाया पडतो. माशीच्या पोटी घार जन्मते. आणि शेवटी हे सगळं बघून मुक्ताई हसते.

मोबाईलवर याचा अर्थ शोधला तर दोन मिनिटांत मिळतो: मुंगी म्हणजे जीव, आकाश म्हणजे चिदाकाश वगैरे. उत्तरं चुकीची आहेत असं मी म्हणत नाही. पण ही उत्तरं नुसती चौकटीत भरली, तर मुंगीच का, माशीच का, आणि शेवटी हसू का, हे तसंच राहतं. मला स्वतःला ते हसू फार महत्त्वाचं वाटतं. कोड्यातला 'आत' हा शब्द जसा सांगतो की वरवर वाचू नका, तसं ते हसू सांगतं की लहान-मोठ्याची तुमची मापं बाजूला ठेवा. मुंगी लहान कुणाच्या मापाने? माझ्या देहाच्या. ते मापच सुटलं तर सूर्य किती मोठा उरला? इथपर्यंत मी येतो. पुढचं अजून उलगडायचं आहे.

हे सगळं बुद्धीचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण मागच्या वर्षी धुळ्याला माझ्या मावसभावाचे वडील गेले. तो चोवीस वर्षांचा. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगत होता: आत्मा अमर आहे, रडू नकोस. चौथ्या दिवशी रात्री गच्चीवर तो मला म्हणाला, "दादा, उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते आलं कसं, हे कुणीच सांगत नाही."

मी म्हणालो, "मलाही पाठच आहे रे. उलगडा नाही झालेला."

तो बराच वेळ गप्प बसला. मग काकांबद्दल बोलायला लागला. त्यांची जुनी स्कूटर, सकाळचा हरिपाठ, बाजारातून वांगी निवडून आणण्याची सवय. चार दिवसांत तो पहिल्यांदाच वडिलांबद्दल बोलत होता. मोठी माणसं वाईट हेतूने बोलत नव्हती. पण त्यांचं बरोबर उत्तर त्याच्या प्रश्नावर झाकणासारखं बसलं होतं.

धुळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवली. ती आजही समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. दासबोधात समर्थ तीन प्रतीती सांगतात: शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती. ग्रंथ सांगतो, गुरू सांगतात आणि स्वतःला अनुभव येतो. तिन्ही जुळल्या पाहिजेत. आपल्या कामातही असंच आहे ना? टेस्ट पास झाली, सीनियरने 'ठीक आहे' म्हटलं, तरी हा कोड का चालतो हे स्वतःला कळेपर्यंत झोप लागत नाही. 'आत्मा अमर आहे' हे शास्त्राचं वाक्य आहे, गुरूंनीही सांगितलंय. तिसरी चौकट मात्र ज्याची त्यालाच भरावी लागते. ती आपण दुसऱ्याच्या वतीने भरायला गेलो, की सांत्वनाचा उपदेश होतो.

मग काही बोलूच नये का? तसंही नाही. मुक्ताईनगर तालुक्यातच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. चौदाशे वर्षांच्या योगी चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, ही कथा आपल्याला माहीत आहे. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवला. इतकी वर्षं जगून कोराच राहिलास, असं मुक्ताईंनी म्हटलं. निवृत्तीनाथांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं आणि पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी झाली. म्हणजे समजावून सांगणं संतांनी टाळलं नाही. पण पासष्टी हातात आली म्हणून चांगदेवांचं काम संपलं नाही. त्यांना स्वतः यावं लागलं, मुक्ताईंना गुरू मानून शिष्य व्हावं लागलं.

पेपरातल्या कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं. अभंगाचं तसं येत नाही. म्हणून मला वाटतं, दुसऱ्याला द्यायचं ते आपण जिथवर चाललो तेवढ्या वाटेचं द्यावं. 'संत असं सांगतात, मला इथपर्यंत कळलं, पुढचं मीही शोधतोय.' एवढं म्हटल्याने श्रद्धा कमी होत नाही. उलट समोरच्याला आपल्याबरोबर चालायला जागा मिळते.

आजची साधना: तुम्ही नेहमी इतरांना सांगता असं एक वाक्य निवडा. 'सगळं देवाच्या इच्छेने होतं', 'जे होतं ते चांगल्यासाठी', कुठलंही. वहीत लिहा आणि खाली तीन ओळी: ग्रंथ काय म्हणतो, गुरू काय म्हणतात, मला काय अनुभव आला. तिसरी ओळ कोरी राहिली तर राहू द्या. खोटी मात्र भरू नका.

राम कृष्ण हरी!