वेळेवर फिरण्याची बुद्धी

मागच्या माघात आम्ही उभयता लेकीकडे बंगळुरूला विमानाने गेलो. खाली दिवे दिसू लागले, चाके बाहेर आल्याचा आवाज झाला, आता टेकणार एवढ्यात विमानाने एकदम नाक वर केले. इंजिनांचा आवाज वाढला, पोटात गोळा आला. हिने माझा हात घट्ट धरून नामस्मरण सुरू केले. मीही केले, खोटं कशाला बोलू! थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितले, पुढचे विमान अजून धावपट्टीवरच होते, म्हणून एक फेरी जास्त घेतली. मागच्या सीटवरचे गृहस्थ कुरकुरले, "उगाच वीस मिनिटं घालवली."

घरी पोचताच मी जावईबापूंना म्हटले, "महाराजांनी वाचवलं हो." ते विमानांच्या देखभालीच्या कामात आहेत. म्हणाले, "वाचवलंच बाबा. पण माणसाने परत फिरायचं ठरवलं, म्हणून वाचवता आलं." मग त्यांनी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची एक खरी हकिगत सांगितली. ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

७ जुलै २०१७, मध्यरात्रीला थोडाच अवधी होता. टोरंटोहून आलेले एअर कॅनडाचे विमान उतरत होते, आत १४० माणसे. तिथे शेजारी शेजारी दोन समांतर धावपट्ट्या आहेत. त्या रात्री डावी बंद होती, तिचे दिवेही मालवलेले. वैमानिकांना मात्र दोन्ही चालू दिसणार अशीच अपेक्षा. म्हणून उजवी धावपट्टी त्यांना डावी वाटली, आणि तिच्याही उजवीकडचा टॅक्सीवे, म्हणजे विमाने रांगेत उभी राहण्याची वाट, हीच आपली धावपट्टी वाटली. त्या वाटेवर चार मोठी विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. सगळी मिळून हजारभर माणसे असतील.

डावी पट्टी बंद असल्याची सूचना त्यांच्या कागदपत्रांत होती, पण पानांच्या गर्दीत ती मनात ठसली नाही. योग्य धावपट्टीची रेघ दाखवणारे यंत्रही होते, ते जुळवून घ्यायचे राहिले. रात्रीचा थकवा होताच. तरी मनात शंका आली. समोर दिवे दिसताहेत, म्हणून त्यांनी टॉवरला विचारले. टॉवर म्हणाला, तुमच्या धावपट्टीवर कोणी नाही. ते खरेच होते! धावपट्टी मोकळीच होती, पण हे तिच्यावर नव्हते. उत्तर बरोबर आणि वाट चुकीची.

तेवढ्यात जमिनीवरच्या पहिल्या विमानातला वैमानिक रेडिओवर बोलला, हा तर टॅक्सीवेवर येतोय. दुसऱ्या विमानाने आपले दिवे लावले. टॉवरने "वर जा" सांगितले, पण त्याआधीच उतरणाऱ्या वैमानिकांनी विमान उचलायला घेतले होते. तोवर ते जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर आले होते. अशा मोठ्या विमानांच्या शेपट्याच ५५ फुटांच्या घरात असतात. कोणालाही ओरखडा उठला नाही.

आपल्याकडे वेदान्तात दोरीवर साप दिसल्याचा दृष्टान्त सांगतात. अंधारात दोरी पडलेली असते, माणूस साप समजून भितो. इथे उलटे झाले. साप होता, तो दोरी वाटला, आणि माणूस निर्धास्तपणे पाय टाकायला निघाला. मला वाटते, संसारात आपली ही दुसरी चूकच जास्त होते. डोळे मनाला विचारून बघतात. मनाने एकदा "वाट हीच" ठरवले, की कागद, माणसे, शंका, सगळे त्याच वाटेचे साक्षीदार होतात.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. धाकट्या भावाशी माझा नऊ वर्षे दावा चालला होता. परसातली दोन गुंठे जागा. वडिलांच्या वहीत एक ओळ होती, की धाकट्याने सोसायटीचे कर्ज फेडले, परस त्याचे. मी ती वाचली होती, पण सोयीने. म्हटले, तात्पुरते लिहिले असेल. ही एकदा म्हणाली, "अहो, मामंजींनी लिहिलंय ते नीट वाचा की." मी तिला गप्प केले. वकिलांना विचारले, तर ते म्हणाले, तुमची बाजू कायद्याने भक्कम आहे. तेही कदाचित खरेच असेल! पण मी धर्माच्या पट्टीवर नव्हतो, शेजारच्या वाटेवर होतो. वर मनात हेच, की इतकं आलो, आता थोडंच राहिलं.

अवधूतांनी चोवीस गुरूंत कपोत का धरला, ते मला सत्तरीत कळले. पिल्ले जाळ्यात, कपोती जाळ्यात, हे त्याला दिसत होते. पंख शाबूत होते. तरी तो जाळ्यातच गेला. पंख असून न फिरणे, याचे नाव मोह.

मग कृपा कशाला म्हणायचे? संकट टळते ती कृपाच. पण ती वरून अलगद उचलून घेते असे आता मला वाटत नाही. ती आधी शंका होऊन येते, नाहीतर कोणाच्या तरी तोंडून बोलते. जमिनीवरचा तो वैमानिक "मला काय त्याचे" म्हणून गप्प बसला नाही. आमची ही बोलली होती, ऐकणारा मी नव्हतो. ऐकून माघारी फिरणे हे आपले काम. त्यात कमीपणा नाही, फार तर वीस मिनिटे जातात. माझी नऊ वर्षे गेली.

बंगळुरूहून परतल्यावर मी दावा मागे घेतला. भाऊ अजून घरी जेवायला आलेला नाही. पण गुरुपौर्णिमेच्या पालखीला तो माझ्या मागून चालत होता. चढ लागला, तसा पुढे येऊन म्हणाला, "दादा, दे, मी घेतो खांदा." मी बाजूला झालो.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!